वाटेवरच्या माणसाला

आबा, मुंबईपासून टोरोंटो साडेबारा हजार किलोमीटर आहे. ही सरळ रेघ झाली. विमान काही तसं सरळ येत नाही. ते आधी लंडनला उतरतं, तिथं माणसं दुसऱ्या विमानात बसतात आणि मग पुढं. सगळं धरून साधारण एक दिवस लागतो. तुम्हाला मेंढरं घेऊन भीमेच्या पलीकडं जायला याहून जास्त दिवस लागायचे, त्यामुळं तुम्ही असता तर म्हणाला असता, "एकच दिस? मग लांब कुटं हाय?" मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले. माझा पोरगा, तुमचा नातू, कॅनडाला गेला तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका डोळे पुसायला लागल्या, तर मीच त्यांना सुनावलं की धनगराच्या घरात माणूस आठ-आठ महिने बाहेर असतो, कुणी रडत बसत नाही. फार शहाणी होते मी. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली, तेव्हा हे पत्र टाकायचं कुठं हा प्रश्नच नाही. पण भांडायचं तुमच्याशीच आहे. दुसऱ्या कुणाशी भांडून उपयोग नाही, त्यांना त्यातलं काही कळायचं नाही.

दिवाळी झाली की तुमचं निघायचं ठरायचं. आई चुलीपुढं बसली आहे, तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यापाशी उभी करते आहे, पार कडक होईपर्यंत तिथंच ठेवते आहे. शेंगाचटणीचं गाठोडं वेगळं. तुम्ही उंबऱ्यावर बसून नुसते तिच्याकडं बघता आहात. या खेपेला किती लांब जाणार ते आम्हा पोरांना त्या भाकरींच्या चळतीवरून कळायचं. एकदा उंबरा ओलांडला की पावसाळ्यापर्यंत तुमचा पत्ता नसायचा. काही सांगायचं असेल तर आई मैंदर्गीच्या बाजाराला जायची, तिकडच्या मुलखातून आलेला कुणी बैलवाला, कुणी व्यापारी गाठायची आणि निरोप द्यायची. तो पुढच्या बाजारात दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला. मधे कुणी कानडी, कुणी मराठी. एवढ्या तोंडांतून जायचा म्हणून निरोप लहान असायचा. पोरगी झाली. गाय व्याली. पाऊस झाला, या. आणि घरात कुणी मेलं असेल तर: बरं नाही, येऊन जा.

आजी गेली तेव्हा मी तिसरीत होते. निरोप पोचून तुम्ही येईपर्यंत माती होऊन गेली होती. मेंढरं चुलत्याच्या हवाली करून तुम्ही एकटेच चालत आलात, वाटेत कुठं बसला नाहीत की जेवला नाहीत. अंगणात उभं राहून आईच्या तोंडाकडं बघितलंत आणि खाली बसलात. रडला नाहीत. म्हणालात, "बरं केलं, खरं सांगितलं न्हाय. कळलं असतं तर पाय उचललं नसतं." त्याच दिवशी संध्याकाळी थोरली आत्या तिच्या गावाहून यायची होती. ती ओढ्यापाशी दिसली आणि मी धावत सुटले. पहिली बातमी आपण द्यायची, एवढंच माझ्या डोक्यात. "आत्ते, आजी मेली," मी म्हटलं, आणि आत्या ओढ्यातच बसली, पाण्यात. तिला दोघींनी धरून आणावं लागलं. तुम्ही मला कधी बोट लावलं नव्हतं, त्या दिवशीही लावलं नाहीत. जवळ बसवून म्हणालात, "वाटंवरच्या मानसाला मेल्याचं सांगू न्हाय, पोरी. बरं न्हाय, येऊन जा, एवढंच म्हणायचं. घरी पोचल्यावर त्येचं त्येला कळतंय की." मी विचारलं, "म्हंजे खोटं बोलायचं व्हय?" तुम्ही म्हणालात, "खोटं कुटं हाय? मेल्यालं मानूस बरं असतंय व्हय?"

तुमच्या वेळी मला शाळेत निरोप आला. मी चौथीच्या वर्गावर होते. हेडमास्तर स्वतः दारात आले आणि म्हणाले, "बाई, वडिलांना जरा बरं नाही म्हणे. जाऊन या." मला जागच्या जागी कळलं. तरी अक्कलकोटच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर अर्धं मन म्हणत होतं, खरंच नुसतं बरं नसेल तर? त्या अर्ध्या मनावरच मी पोचले आबा. तुमचं म्हणणं तेव्हा मला पटलं होतं. पुढं आई गेली, तेव्हा तुमचा नातू पुण्याला इंजिनिअरिंगला होता. मी होस्टेलला फोन केला आणि तेच म्हटलं, आजीला बरं नाही, येऊन जा. तो आला तो हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. आजारी माणसाला मोसंबी लागतात म्हणून स्टँडवर उतरून घेतली होती. अंगणात आजीला आंघोळ घालून झोपवलं होतं, आणि हा पिशवी धरून उभा. रात्री जेवला नाही. मला म्हणाला, "सगळ्या रस्त्यात मी ती बरी होणार म्हणून बसलो होतो. तू मला येडं केलंस आई. पुन्हा असं म्हणालीस तर मी समजून घेईन काय समजायचं ते." मी तुमचं ओढ्याचं, पाय उचलण्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी चालत आलो नव्हतो, बसनं आलो." पोरगं माझ्यावरच गेलंय, उलट उत्तर तयार असतं.

तुमच्या जावयांना तुम्ही ओळखत होतात तसेच ते शेवटपर्यंत राहिले, कमी बोलणारे आणि मनातल्या मनात हसणारे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य काढलं, आधी सायकलवरून, मग मोटारसायकलवरून. परदेशी जाणारा माल त्यांच्या हाताखालून जायचा. पोराला कॅनडात नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "आपला टॉवेल याच्या आधी जाऊन आलाय तिथं." एकदा तरी जाऊन यायचं होतं त्यांना. पण छातीनं दगा दिला. जिना चढताना थांबायला लागले, मग बोलताना थांबायला लागले. या उन्हाळ्यात दवाखान्यात ठेवलं ते आयसीयूतच. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, मुलाला बोलावून घ्या, दिवस हातात नाहीत फार. मी आत गेले तर हे मास्कमधून विचारतात, "बोलावलंस काय त्याला?" म्हणजे त्यांनाही कळलं होतं. त्यांना दुसरं काही नको होतं. औषध नको, देव नको, पोराचं तोंड एकदा बघायचं होतं.

मी कॉरिडॉरमध्ये येऊन फोन लावला. काय बोलायचं याचा विचार केला नाही. असल्या वेळी तोंडातून जे येतं ते आपलं नसतंच, ते आधीच्या माणसांचं असतं. "पप्पांना बरं नाही रे," मी म्हटलं. "येऊन जा." तो म्हणाला, "येतो आई," आणि ठेवला. काय झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणतात, काही विचारलं नाही. मी म्हटलं, घाईत असेल, तिकीट काढायचं असेल. पुढं कळलं की त्यानंतर त्यानं बार्शीला माझ्या दिरांना फोन केला होता. काका, खरं सांगा, आहेत का पप्पा? दीर भला माणूस, आणि ते खरंच सांगत होते, की "हायत की रे, हायत. तू ये. गडबड करू नको, नीट ये." आता आबा, तुम्हीच सांगा, मयत झालेल्या घरातून दुसरं काय सांगतात? शब्दन् शब्द तोच. आमच्याकडं खरं सांगायला वेगळे शब्द शिल्लकच नव्हते.

मी मात्र हिशेब लावत बसले. तो दर वेळी संध्याकाळच्या विमानानं निघतो, लंडनला बदलतो आणि दुपारी मुंबईला उतरतो. आकाशातली विमानं दिसतात असं काहीतरी त्यानंच मागच्या खेपेला माझ्या फोनमध्ये घालून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याचं नेहमीचं विमान शोधून काढलं. निळ्या पाण्यावर पिवळं विमान, मुंगीएवढं, हललं की नाही ते बघायला थोडं थांबावं लागतं. फोन केला नाही, विमानात फोन बंद असतो ना. भेटीची वेळ झाली की आत जायचे आणि यांना सांगायचे, समुद्र ओलांडला. लंडन आलं. विमान बदललं. काळा समुद्र आला बघा. जन्मभर चौथीच्या पोरांना काठीनं नकाशा दाखवला, पण इतका जीव लावून कधी दाखवला नव्हता. ते डोळे मिटून ऐकायचे. "मग पोचलाच की," म्हणायचे. बोट वर करून विचारायचे, अजून किती? मी दोन बोटं जवळ आणून दाखवायचे, एवढंच. ते हसायचे. डॉक्टर म्हणाले, काकू, कशावर टिकलेत कळत नाही. मला कळत होतं.

विमान उतरलं. त्या चित्रात ते धावपट्टीवर येऊन थांबलं तेव्हा मी औषधाच्या दुकानापुढच्या बाकावर बसले होते, ऊन मी म्हणत होतं. पासपोर्टची रांग, बॅगा, या सगळ्याला वेळ दिला. मग फोन लावला. त्यानं लगेच उचलला. आवाज बसलेला होता. "आई," तो म्हणाला, "उरकलं का सगळं?" मी म्हटलं, "काय उरकलं? तू बाहेर आलास का?" तो म्हणाला, "पप्पांचं. माती झाली का?" आबा, मला आधी रागच आला. मी म्हटलं, "अरे, काय बोलतोस? आत्ता त्यांना चमच्यानं चहा पाजून आले मी." मी विचारलं, कुठं आहेस? तो म्हणाला, "घरी." घरी म्हणजे टोरोंटोत. त्यानं तिकीट काढलं होतं ते आठवड्यानंतरचं, बायको-पोराला घेऊन, दहाव्याला पोचेल असं. मातीला पोचणार नाहीच, तर निदान सगळ्यांनी मिळून यावं, असा त्यानं विचार केला. त्यात चूक काढायला मला जागा सापडली नाही. मी विचारलं, मग मला एक फोन का नाही केलास? तर म्हणाला, "तुला पुन्हा खोटं बोलायला लागू नये म्हणून."

मी फोन तसाच घेऊन आत पळाले. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, फोन आत न्यायचा नाही," मग माझ्या तोंडाकडं बघून बाजूला झाल्या. मी यांच्या कानाला फोन लावला. त्यांनी मास्क हातानं वर केला आणि विचारलं, "उतरलास काय रे?" मी त्यांना सकाळपासून सांगत होते ना, आता उतरेल, आता उतरेल. तिकडून जे आलं ते मलाही ऐकू आलं. "उतरलो पप्पा. येतोय." एवढं ऐकून त्यांनी मास्क स्वतःच नीट बसवला. आणि साडेबारा हजार किलोमीटरवर माझा पोरगा अंगावरच्या कपड्यांनिशी विमानतळाकडं निघाला, तिथं तेव्हा पहाट होती आणि विमान संध्याकाळशिवाय नव्हतं.

आता मुंबईपासून पुढची वाट मला चालवायची होती. मोटार करून येतोय, मी सांगितलं. संध्याकाळी म्हटलं, पुणं ओलांडलं. पुन्हा आत जायला मिळालं तेव्हा म्हटलं, इंदापूर गेलं, टेंभुर्णीपाशी आलाय. त्यांना वेळेचं भान उरलं नव्हतं, दिवस आहे की रात्र तेही कळत नव्हतं, म्हणून माझं निभावत होतं. जितकी हळू नेता येईल तितकी हळू नेली मी ती गाडी. सकाळी मोहोळ आलं आणि माझी बुद्धी चालेना, कारण मोहोळच्या पुढं सोलापूरच की. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "मोहोळला काय करतोय एवढा वेळ?" मी म्हटलं, "चहा प्यायला थांबलाय." ते म्हणाले, "पिऊ दे." त्यानंतर ते बोलले नाहीत. सिस्टरनी मला बाहेर जायला सांगितलं तेव्हा मला कळलं, आणि तरी मी बाकावर बसून काही वेळ विचार करत होते की आता मोहोळच्या पुढं काय सांगायचं.

तो आला दुसऱ्या दिवशी, दिरांनी आधी घरीच ये म्हटलं होतं म्हणून सरळ घरी. कुणी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. दाराबाहेरच्या चपला बघून जिन्यातच थांबला. या खेपेला ओरडला नाही, भांडला नाही. मला तेच फार जड गेलं. माती त्याच्या हातून झाली, दहावा झाला, लोक म्हणाले पोरगं एवढ्या लांबून आलं, नशीब लागतं. मी मान हलवली. लोकांना काय सांगायचं, की आमचं नशीब आमच्याच बोलण्यानं खाल्लं? मग तो परत गेला. आता होटगी रोडवरून इथूनही विमान उडतं, गच्चीवरून दिसतं, बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, आता काय, जग जवळ आलं. रोज त्याचा फोन येतो. "बरी आहेस ना?" मी म्हणते बरी आहे. तो म्हणतो, व्हिडिओ लाव. मग मी तोंड दाखवायचं, चालून दाखवायचं, हात वर करून दाखवायचा. बरी आहे म्हटलं तर त्याला पटत नाही. आणि उद्या खरंच बरं नसलं तर ते मी त्याला कसं सांगू, हे मला अजून सुचलेलं नाही. सुचेल असं वाटतही नाही. तुम्ही चालणाऱ्या माणसाचा नियम मला दिलात आबा, तो मी बसलेल्या माणसाला लावला. भांडण एवढंच आहे.

लंडनचं सांगायचं राहिलं. ते आम्ही दोघंही काढत नाही. यांना घरी आणलं होतं, हॉलमध्ये बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं, दीर एकेकाला फोन करून मातीची वेळ सांगत होते. तेव्हा त्याचा फोन आला, विमान बदलता बदलता. मी स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेतलं. मागं विमानतळावरची बाई इंग्रजीत काहीतरी पुकारत होती. "आई, आहेत ना पप्पा?" खरं सांगायचं असंच मी ठरवलं होतं. पण अजून निम्म्याहून जास्त अंतर राहिलं होतं. चालत येणारा वाटेत बसतो, रडतो, कुणीतरी त्याला पाणी देतं. हा कुठं बसणार? पट्टा बांधून, दोन परक्यांच्या मधे, तोंड दाबून. "आहेत," मी म्हटलं. "काय करतायत?" "झोपलेत." एकदा विश्वास न ठेवता चुकला होता, म्हणून या वेळी त्यानं एका शब्दानं उलट विचारलं नाही. लगेच विश्वास ठेवला. त्याचा आवाज एकदम लहानपणीसारखा मोकळा झाला, आणि कबूल करते आबा, हॉलमध्ये हे तसे पडलेले असताना त्या घटकेला मला बरं वाटलं. "मग झोपू दे," तो म्हणाला, "मी येईपर्यंत उठवू नको." मी म्हटलं, "नाही उठवत."